मी पुसलेल्या रोमन क्वेऱ्या

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मग चहा प्या. कारण हा किस्सा सांगताना समोरच्यानं दात काढले की मला अजून संताप होतो.

तीस वर्षं मी वार्ताहर म्हणून काढली. मंत्र्यांना भर सभेत प्रश्न विचारले, डिचोलीत खनिजाचे ट्रक अडवून फोटो काढले. कुणाला भ्यालो नाही. आणि भ्यालो तो कुणाला? बायकोच्या भावाला! तेही एका सीडीपायी.

देवळाच्या उत्सवात मराठी नाटक होत नाही असं एक तरी गाव आमच्या गोव्यातल्या पेडणे तालुक्यात दाखवा मला. शेतकरी, पोस्टमन, मास्तर, सगळे वर्षातून एकदा राजे होतात. या हौशी नटांची माहिती मी घरोघर फिरून जमवली होती. मराठी इथली नव्हेच म्हणणाऱ्यांच्या तोंडावर फेकायला पुरावा नको?

फोटो, आवाज आणि मजकूर जोडून सीडी करायचा एक प्रोग्राम धारगळच्या शिल्पाकडे होता. ती कॉम्प्युटर शिकवायची. नटाच्या नावावर टिचकी मारली की त्याचा फोटो, गाव आणि भूमिका दिसणार, अशी तिनं रचना केली. मागच्या तक्त्यात मात्र आणखी एक रकाना होता, फक्त माझ्यासाठी. ‘शेरा.’ पुढे लेख लिहिताना उपयोगी पडावा म्हणून कुणाचं काम कसं होतं ते मी त्यात स्पष्ट लिहिलं होतं. माझं स्पष्ट म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे.

पार्से गावच्या नाटकातले कायमचे राजे म्हणजे दत्ताराम मास्तर, माझे थोरले मेहुणे. त्यांच्या नावापुढे मी लिहिलं होतं, ‘आवाज मोठा, पाठांतर शून्य. तालुक्यातला सर्वांत वाईट राजा.’

याच माणसाच्या नाटकावर मागे मी पेपरात चार ओळी लिहिल्या होत्या. त्यांनी बोलणं टाकलं. दोन चवथी बायको गणपतीला माहेरी गेली नाही, खिडकीत बसून मूर्तीवर टांगायच्या माटोळीची फळं विकायला चाललेली माणसं बघत राहिली. कसंबसं मिटलं, आणि सीडीचं उद्घाटन दादाच्याच हातून व्हावं असं तिनंच ठरवलं. मला एवढंच म्हणाली, “आता परत माझं माहेर तोडू नका.”

आता त्या क्वेऱ्या. क्वेरी म्हणजे कॉम्प्युटरला विचारायचा प्रश्न, ‘पार्सेच्या नटांचं नाव, गाव, भूमिका दाखव.’ तो नाव देऊन साठवून ठेवायचा. पान उघडलं की पान तोच प्रश्न विचारतं आणि तेवढंच दाखवतं. आमच्या यादीत अशा चाळीसेक जमल्या होत्या. शिल्पा म्हणाली, नको त्या उद्या येऊन काढते.

उद्या कशाला? जन्मभर दुसऱ्यांच्या बातम्या कापणारा मी, मला नको ते काढता येत नाही? दुपारी तिच्या खुर्चीत बसलो आणि यादी बघून डोकंच फिरलं. मराठीच्या पुराव्याची सीडी, आणि निम्म्या क्वेऱ्यांची नावं रोमन अक्षरांत! मी एकेक निवडून पुसली. कॉम्प्युटर दर वेळी विचारत होता, नक्की ना? दर वेळी मी तत्त्वानं ‘हो’ दाबलं.

मग पानं उघडली. कोरी.

पण मी काय हार मानतो? सरावात मीच केलेली ‘सर्व’ नावाची देवनागरी क्वेरी पानांना जोडली. फोटो आले, नावं आली. खाली सरकवून बघायचं मला सुचलं नाही. सीडीवर सगळं उतरवून ती पार्सेला पाठवूनही दिली, एक प्रत शिल्पाला.

उद्घाटनाच्या सकाळी शिल्पाचा फोन आला. “सर, शेरे झाकणारी क्वेरी कुठंय? कामाच्या सगळ्या मी रोमनमध्ये ठेवल्या होत्या. देवनागरीतल्या तेवढ्या काढायच्या होत्या.”

हातातला पाव तसाच चहात बुडाला.

सभामंडपात अख्खा गाव. बायको पुढच्या रांगेत, माहेरच्या बायकांत, नव्या साडीत. दुसरी सीडी करायला वेळ नव्हता. आता एकच आशा होती, वीज जाईल. पेडण्यात कुठल्या कार्यक्रमाला गेली नाही? मी प्रास्ताविक ताणलं, दशावतारापासून सुरुवात केली, सात नटांची चरित्रं सांगितली. पंखा फिरतच होता. आदल्याच आठवड्यात मी वीज खात्यावर जहाल बातमी छापली होती. त्यांनी सुधारायला हाच दिवस निवडला!

मास्तर उठले. बोटानं बटण दाबलं. पडद्यावर त्यांचाच फोटो आला, मुकुटासकट. टाळ्या. मग कुणीतरी पान खाली सरकवलं.

मंडपात सगळ्यांनी ते मनातल्या मनात वाचलं. बायकोनं मान खाली घातली. मास्तरांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मला पुढच्या दहा चवथी दिसल्या.

“भावोजींनी एकदा आमच्या नाटकात काम केलां होतां,” ते शांतपणे म्हणाले. “त्यांचां पान काढा बघू.”

मी नको नको म्हणेपर्यंत उघडलंदेखील. भूमिका, सेवक. संवाद, एक. आणि खाली तालुक्यातला एकमेव गोड शेरा, ‘अत्यंत प्रभावी काम. प्रेक्षक विसरणार नाहीत.’

मागून कोणीतरी खुसकन हसलं. मग सगळा मंडप. खरंच, कुणी विसरलं नव्हतं. मी रंगमंचावर गेलो होतो, तोंड उघडलं होतं आणि तसाच उभा राहिलो होतो. बायको पदर तोंडाला लावून हसून गदगदत होती. तेवढं बघून माझा जीव भांड्यात पडला.

मास्तरांनी राजाचा हात वर केला.

“‘महाराज, पाहुणे दारात उभे आहेत,’” ते खणखणीत आवाजात म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, “भावोजी, माझी वाक्यां मी विसरतंय, ह्या खरां. पण तुमचां माका अजून पाठ आसा. त्या दिवशी माकाच म्हणुचां लागलां.”