पालच्या घाटातला दगडांचा ढीग

थकवा म्हणजे काय ते माझ्या गुडघ्यांना विचारा. पिंप्राळ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आईचं खाणंपिणं, धुणं, रात्री दहादा उठणं, सगळं माझ्याच अंगावर. त्यात तिची स्मरणशक्ती गेलेली. मला ती कधी नर्सबाई समजायची, कधी शेजारीण. श्रावणात घरी कानबाई देवी बसली की गव्हाच्या रोटांचा नैवेद्य दाखवताना मी एकच मागायचे, हिला एकदा तरी मला ओळखू दे. देवीला कसलं ऐकू जातंय. मग हात जोडायचे, पण मनातून रुसलेलीच असायचे.

आईचा मात्र डोंगरावर न्यायचा एकच धोशा, "माले डोंगरवर लई चाल." तिचे वडील सातपुड्यात जंगलखात्यात होते, तिचं लहानपण तिथल्या पाल गावात गेलेलं. शेवटी एका रविवारी गाडी ठरवून निघालो. रावेरकडची केळी मागे पडली, घाट लागला आणि चढावर गाडी तापली. ड्रायव्हर पाणी आणायला खाली गेला. मी सीटवर जरा मान टेकली, तेवढ्यात डोळा लागला. जाग आली तर आई गाडीत नाही.

उन्हं कलायला लागली होती. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला सागाचं रान. हाका मारून मारून घसा बसला. चालता चालता मी देवीला म्हटलं, नको ओळखू दे मला, कधीच नको. नुसती जिवंत परत दे.

वळणापलीकडे ती दिसली. वाटेच्या कडेला शेंदूर फासलेला देव, त्याच्यापुढे दगडांचा ढीग, आणि ढिगाशी आई बसलेली. शेजारी लाकडांची मोळी उतरवून एक पावरा आदिवासी बाई. तिच्या सोबतिणी पुढे निघून गेल्या होत्या, ही एकटीच थांबलेली. मी तिचे हात धरले तर ती संकोचली. म्हणाली, "म्हातारीला एकली कशी सोडू, बाई?" मग तिनं सांगितलं, चढून आलेलं माणूस इथं एक दगड ठेवतं. थकवा देवाजवळ राहतो, माणूस पुढच्या वाटेला लागतं. आईनं तिथं येऊन आपणहून दगड ठेवला होता. बाकी सगळं विसरलेली बाई लहानपणची ही रीत विसरली नव्हती.

मी तिथंच मटकन बसले आणि रडू लागले. आईनं माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं. मग एक दगड उचलून माझ्या हातात दिला.

"तू थकनी शे, माय. ठेव आठे."

थकलीस का, असं इतक्या वर्षांत मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मी दगड ठेवला.

त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं, देवाचंही. तिचे उपकार कसे फेडायचे ते मला कळत नाही. गुडघे अजून दुखतात. आई आजही मला ओळखत नाही, आणि तसा हट्टही मी आता धरत नाही. यंदा कानबाईपुढे हात जोडले तर मागायला काही सुचेना. नुसतीच उभी राहिले. मागून आई म्हणाली, "बठ माय, जराशी बठ."

मी तिच्याजवळ जाऊन बसले.