सल्ले काढले आणि प्रोग्रॅम पळायला लागला

मंडळी, आज संध्याकाळी माझ्या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमनं बाबांना पहिल्यांदा हरवलं!

आमच्या पांढरकवड्यात डाव दोघांचा असतो आणि सल्ले दहा जणांचे. मीही बाबांचा आणि त्यांच्या मित्रांचा एकूण एक सल्ला प्रोग्रॅममध्ये कोंबला होता. मग काय, तो प्रत्येक चालीवर ते सगळे सल्ले तपासत बसायचा. तेवढ्यात वेळ संपायचा आणि दोन चालींपुढचं त्याला दिसायचंच नाही. रविवारी नागपुरात प्रोग्रॅमांची स्पर्धा आहे, तिथे असा कुठे टिकणार?

दुपारी वैतागून जवळपास सगळे सल्ले उडवले. आता तो भराभर शोधतो आणि तेवढ्याच वेळात पाच-सहा चाली पुढचं बघतो. त्यानं बाबांचा वजीर असा घेरला की बाबा बघतच राहिले.

"माह्यावाला सल्ला बी काढला काय वं?"

"सगळ्यात आधी तुमचाच काढला, बाबा."

ते खो खो हसले. मग आईकडे वळून म्हणाले, "पोरीले बी आता लग्नाचे सल्ले देणं बंद करू. लय पुढचं पाहून राह्यली ते."

तुम्ही कोणाचा सल्ला डोक्यातून काढल्यावर पळायला लागलात?