दुपारी तीनचा आकडा

"अस्थमा आहे," डॉक्टर म्हणाले आणि स्पायरोमेट्रीचा कागद माझ्याकडे सरकवला. स्पायरोमेट्री म्हणजे नळीत जोरात फुंकायचं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते यंत्र मोजतं. माझी कमी पडली होती. औषधाची वाफ घेतल्यावर वाढली.

बावन्नाव्या वर्षी? मी लगेच विचारलं, "गच्चीवर पापड घातलेत. जाऊ ना?"

"आधी इनहेलर. रोज या पीक फ्लो मीटरमध्ये, म्हणजे श्वासाचा जोर मोजणाऱ्या नळीत, फुंका, आकडा लिहा. दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर औषध वाढवावं लागेल."

लिहायचं काम माझ्या मागे लागलं. रोज सकाळी सहाला तीनदा फुंकायचं, सर्वांत मोठा आकडा वहीत. ३८०, ३७०, ३८०. तरी दुपारी धाप लागायचीच. छाती आवळायची, खोकला थांबायचा नाही. आमचे हे म्हणाले, "आकडे तर पहिल्या नंबरचे आहेत. धापा कसल्या टाकतेस?" मला रात्री झोप लागेना. काहीतरी भलतंच असणार.

पुढच्या खेपेला दवाखान्याच्या बाकावर दीड तास बसले. चार वेळा उठून पाणी प्यायले. डॉक्टरांनी वही चाळली.

"सगळे सकाळी सहाचेच? धाप कधी लागते?"

"दुपारी. गच्चीवर."

"मग दुपारी फुंका ना, ताई!"

दुसऱ्या दिवशी तीन वाजता गच्चीवर फुंकलं. २७०. पुन्हा फुंकलं. २६०.

भाईंदर पूर्वेला सकाळी खाली रस्त्यावर धूळ असते, म्हणून मी मुद्दाम भर दुपारी, निळ्या आभाळाखाली, मास्क लावून पापडांची राखण करत होते. वही घेऊन परत गेले तेव्हा डॉक्टरांनी समजावलं, "गाड्यांच्या धुरातल्या वायूंवर कडक ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो. दुपारी जास्त. तो दिसत नाही, श्वासनलिकांना सूज आणतो. हा मास्क धूळ अडवतो, वायू नाही. ओझोन हेच एकमेव कारण, असं मी म्हणणार नाही. पण तुमची फुप्फुसं दुपारी चिडतात, हे तुमचीच वही सांगतेय."

तुम्हालाही मीटर दिला असेल तर सकाळी फुंकाच, पण त्रास होतो त्या वेळीही फुंका. इनहेलर मनाने बंद करू नका.

बारा ते पाच मी घरात, खिडक्या बंद. पहिल्या दिवशी दहा वेळा दारापर्यंत गेले. पापडांची राखण आता शेजारच्या जसुबेनकडे होती. त्या गच्चीवरून ओरडल्या, "सुनीताबेन, आप बैठो ना घर में! पापड उड़के अंधेरी नहीं जाएगा!"

बाराव्या दिवशी तीनचा आकडा ३५०. औषध वाढवायची गरज पडली नाही.

संध्याकाळी जसुबेन वाळलेल्या पापडांचा डबा घेऊन आल्या. पापड वेळेवर उलटले नव्हते. कडा वळलेल्या, पाच-सहा मोडलेले. एरवी मी तिथल्या तिथे चार गोष्टी सुनावल्या असत्या. बोलायला श्वास पुरत होता. तरी त्यांच्यासाठी चहा टाकला.