गोदामात आधी कोण थांबणार

सगळं गोदाम त्यांना ‘पाहुणे’ म्हणायचं, आणि त्या हाकेत पाहुणचाराचा लवलेशही नव्हता. थोरल्या मालकांचा मेहुणा म्हणून हा माणूस इथे चिकटला, असं धाकट्या मालकांचं मत होतं. ते मत ते येणाऱ्याजाणाऱ्याला चहाबरोबर फुकट वाटत.

पाहुण्यांचं काम कॉम्प्युटरच्या जाळ्याचं. हमालांच्या हातात स्कॅनर असत. खोक्यावर धरला की ‘टुक्’, आणि छताच्या एकुलत्या एका अँटेनामार्फत नोंद कचेरीत. पण दोन स्कॅनर एकदम बोलले की टक्कर होऊन दोघांचंही बोलणं वाया. म्हणून प्रत्येकाने आधी कानोसा घ्यायचा, टक्कर झालीच तर गप्प बसायचं, कुणी थोडं, कुणी जास्त, आणि मग पुन्हा तोंड उघडायचं. पाहुण्यांनी यंत्रांना हे वळण लावलं होतं. मालकांच्या घरात ते कुणालाच लागलेलं नव्हतं.

आवक सांभाळायची पाहुण्यांची सख्खी ताई. जावक सांभाळायचे धाकटे मालक, म्हणजे तिचे दीर. दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत, एकमेकांबद्दल मात्र अखंड.

एकदा ताईने भावाला कोपऱ्यात गाठलं. तिच्या स्कॅनरांनी दिरांच्या स्कॅनरांसाठी थांबायचं नाही म्हणे. असं करता येतं पण करू नये, असं पाहुण्यांनी परोपरीने सांगितलं. त्यावर, तुला इथे आणलं कुणी, हे तिने विचारलं. पाहुण्यांनी मुकाट्याने आवकेचं जावकेसाठी थांबणं काढून टाकलं.

आवक सुसाट सुटली, जावक रखडली. धाकट्या मालकांना वास लागलाच. दार लावून घेऊन त्यांनी तीच सवलत मागितली. नाहीतर दादाच्या कानावर घालतो म्हणाले. आता पाहुण्यांचं टाळकं सरकलं. घ्या, बसा बोंबलत, असं मनात म्हणत त्यांनी जावकेचंही थांबणं काढलं. काय होणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सकाळी दोन्हीकडचे स्कॅनर एकदम बोलू लागले. टक्कर झाली, तरी कुणी गप्प बसेना. पुन्हा बोलले, पुन्हा टक्कर. एकही नोंद कचेरीत पोचेना. दारात ट्रकांची रांग लागली आणि ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढेनात.

थोरल्या मालकांनी तिघांना समोर उभं केलं. पाहुण्यांना आजच निरोप द्यावा, असं धाकट्यांनी सुचवलं. पाहुण्यांनी ताईकडे पाहिलं. तिच्या एका शब्दावर त्यांची नोकरी टांगली होती.

“भाऊ असला म्हणून काय झालं? कामात अक्कल नाही त्याला,” ताई म्हणाली. लग्न होऊन या घरात आल्यापासून दिराशी तिचं पहिल्यांदाच एकमत झालं.

“दाजी, ताईने सांगितलं म्हणून केलं,” पाहुणे म्हणाले. “यांनी सांगितलं म्हणूनही केलं. दोघांचं मिळून केलं, ते मात्र मी खार खाऊन केलं.”

दाजींनी डोळे मिटून ऐकलं. “होतं तसं करून ठेवा, आणि उद्यापासून येऊ नका.”

पाहुण्यांनी सगळ्या स्कॅनरांचं थांबणं परत लावलं. तिकडे आवकेत टुक् झालं, मग जावकेत. ट्रक हलले. पाहुण्यांनी डबा उचलला.

“अरे, ऐक तरी,” ताई मागून म्हणाली. “रात्री जेवायला ये.”

टक्कर झाली की गप्प बसायचं. किती वेळ, ते ज्याचं त्याने ठरवायचं. पाहुण्यांनी चांगलं लांबचं ठरवलं आणि फाटकाबाहेर पडले.