अंगी लागणारे मॅग्नेशियम

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचे, म्हणजे आमच्या दाजींचे, बूड एका जागी टेकलेले फारसे कोणी पाहिलेले नाही. जेवतानाही त्यांचा एक पाय टेबलाखाली हलत असतो. बोलता बोलता ते उठून खिडकी उघडतात, परत येतात, पुन्हा जाऊन ती लावतात आणि आपण नेमके कशासाठी उठलो होतो हे ताईलाच विचारतात. ताई म्हणते, "ह्यांना देवाने हाडांच्या आधी चाकं बसवली."

हा माणूस स्थिर दिसतो तो एकाच ठिकाणी. सूत रंगवण्याच्या कारखान्यात, उकळत्या टाकीपाशी. टाकीवर आडव्या काठ्या असतात, काठ्यांवर सुताच्या लड्या टांगलेल्या असतात आणि त्या लड्या रंगाच्या पाण्यात सारख्या फिरवत ठेवाव्या लागतात. मध्येच मिठाचे पाणी ओतायचे असते. त्या घटकेला रंग सुतावर चढू लागतो, आणि त्या घटकेला हात थांबला तर लडीवर ठिगळे उमटतात. वाफेत डोळे बारीक करून दाजी एक धागा उपसतात, पिळतात, उजेडाला धरतात. छटा जुळली की मान हलवतात. लग्न झाल्यापासून त्यांचे हेच चालले आहे.

मागच्या वर्षी त्यांच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. ते घरीच येत होते तोवर कोणी फार मनावर घेतले नाही. एके दिवशी मात्र टाकीपाशीच डाव्या पोटरीत गोळा आला, पाय दगडासारखा झाला आणि दाजी पुढे झुकले. शेजारच्या टाकीवरच्या माणसाने, ज्याला सगळे लंबू म्हणतात, त्यांची कॉलर मागून धरली म्हणून निभावले. मालक दारातच उभे होते.

"रंगारी, तुम्ही आता घडी खात्यात बसा," मालक म्हणाले. "खुर्ची आहे, पंखा आहे."

"मला खुर्ची कशाला?"

"टाकीत पडलात तर माझ्या गळ्याला फास. गणवेशाच्या सुताचा माल चाललाय तो संपेपर्यंत टाकीवर राहा. तोवर पाय सुधारला तर बघू."

घडी खाते म्हणजे सुकलेल्या लड्या मोजून बांधण्याची खोली. तिथे रंग नाही, वाफ नाही, आणि दिवसभर बसायचे. दाजींना ती खोली म्हणजे जिवंतपणी दिलेली मूठमाती वाटली. त्या संध्याकाळी ते घरात येरझारा घालत राहिले. पाय दुखत होता तरी घालत राहिले.

ताईने त्यांना डॉक्टरांकडे ओढून नेले. रक्त तपासले, मूत्रपिंडे तपासली. मूत्रपिंडे ठीक निघाली. मॅग्नेशियम मात्र बरेच खाली होते. डॉक्टरांनी विचारले, "दुसरं कुठलं औषध चालू आहे का?"

दाजी नाही म्हणाले. ताई म्हणाली, "पित्ताची कॅप्सूल रोज सकाळी. किती वर्षं झाली, त्यांनाही आठवत नाही."

"ते काय औषध आहे?" दाजी म्हणाले. "ते तर चहासारखं आहे."

डॉक्टर हसले नाहीत. ती कॅप्सूल वर्षानुवर्षे घेतली तर काही जणांच्या शरीरातले मॅग्नेशियम घटते, असे त्यांनी सांगितले. कॅप्सूल बदलून दिली आणि मॅग्नेशियमची एक गोळी लिहून दिली. "गोळे फक्त ह्यामुळेच येतात असं मी छातीठोक सांगणार नाही," ते म्हणाले. "पण कमतरता आहे ती भरून काढायला हवी. वेळ लागेल."

शेवटचे वाक्य दाजींच्या कानापर्यंत पोचले नसावे. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेले, तर लिहिलेली गोळी संपली होती. दुकानातल्या बाई म्हणाल्या, उद्या येईल. दाजींना उद्या हा शब्द कधीच मानवलेला नाही. ते तिथून पुढच्या दुकानात गेले, आणि मॅग्नेशियमच्या ज्या डबीवर सर्वांत मोठा आकडा छापला होता ती उचलून घरी आले. वर ती स्वस्तही होती. चिठ्ठीतल्या गोळीचा आकडा हिच्यापुढे अगदीच किरकोळ होता. डॉक्टरांनी हात आखडता घेतला अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

दोन दिवसांत फरक पडला नाही, तेव्हा त्यांनी एकाच्या जागी दोन गोळ्या घेतल्या. फरक पडला, पण पोटात. दाजी टाकीवरून संडासाकडे आणि संडासातून टाकीकडे धावू लागले. पोटरीतले गोळे होतेच. शेवटी नको ती वेळ आली: मीठ ओतले आणि पोटात कळ उठली. "लंबू, जरा फिरव," एवढे ओरडून ते पळाले. लंबूच्या स्वतःच्या टाकीला उकळी फुटली होती. तो येईपर्यंत दाजींच्या लड्या जिथल्या तिथे लटकत राहिल्या होत्या. आकाशी रंगाचे सूत बाहेर निघाले ते कोड फुटल्यासारखे.

मालकांनी ती लडी हातात घेतली आणि काही न बोलता परत ठेवली. ते बोलले असते तर बरे झाले असते, असे दाजी नंतर म्हणाले.

मी त्या रविवारी त्यांच्याकडे गेलो होतो. डबी टेबलावर होती आणि ताई तिच्याकडे चोर पकडल्यासारखी बघत होती.

"चिठ्ठीत काय लिहिलंय आणि तुम्ही आणलंय काय?"

"मॅग्नेशियमच आहे. उलट जास्त आहे. आकडा बघ."

"आकडा तुम्ही खाता का?"

"मग काय खातो?"

"मला सांगा, टाकीत रंग दुप्पट ओतला म्हणजे सूत दुप्पट रंगतं?"

दाजींनी डबी आपल्याकडे ओढून घेतली.

"गटाराचं पाणी रंगतं," ताई म्हणाली. "हे मला कोणी शिकवलं? नवीन लग्न झालं तेव्हा कारखाना दाखवायला नेलं होतंत. फिरायला नेतील म्हणून मी नवी साडी नेसले होते, आणि तुम्ही मला गटार दाखवलंत. म्हणालात, पाणी स्वच्छ वाहिलं तर रंगारी खरा."

"तेव्हा तू कौतुकाने ऐकत होतीस."

"तेव्हा मला तुमची सवय नव्हती."

दाजी उठले, खिडकीशी गेले, आणि ती न उघडताच परतले. "चल रे," ते मला म्हणाले, "त्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्या बाईंकडे जाऊन येऊ."

बाईंनी डबी फिरवून बारीक अक्षरे वाचली. "हे मॅग्नेशियम ऑक्साइड. ह्यात मॅग्नेशियम भरपूर असतं, पण अंगी लागतं थोडं. बाकीचं आतड्यात राहून पाणी ओढतं. बद्धकोष्ठाला देतात हे."

"ते कळलं," दाजी म्हणाले.

"सायट्रेट त्यापेक्षा बरं शोषलं जातं, पण जास्त झालं तर त्यानेही जुलाब होतात. तुम्हाला डॉक्टरांनी ग्लायसिनेट लिहिलंय. ते शोषलंही जातं आणि पोटालाही सोसतं. आकडा लहान दिसला म्हणून दोन-दोन घेऊ नका. आणि आधी त्यांना फोन करून झालं ते सांगा."

फोनवर डॉक्टरांनी दाजींना काय ऐकवले ते कळले नाही. दाजी फक्त "हो" म्हणत होते, आणि प्रत्येक "हो" आधीच्यापेक्षा बारीक होता. पोट शांत होईपर्यंत मॅग्नेशियमची गोळी घ्यायची नव्हती. मग जेवणानंतर एक, आणि दर पंधरवड्याला भेट.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. पी हळद आणि हो गोरी, असे ह्या गोळीत काही नव्हते. दाजी रोज सकाळी पोटरी दाबून बघत आणि ताईला विचारत, "मऊ वाटतेय का?" ताई पोळी लाटता लाटता म्हणे, "तुमच्या स्वभावापेक्षा मऊ आहे." तिकडे गणवेशाचा माल संपत आला होता. डागाळलेले सूत गडद निळ्यात बुडवून मालकांनी दुसरीकडे खपवले, आणि तो निळा दाजींनीच जुळवला. पण घडी खात्यात खिडकीशेजारी एक नवी खुर्ची येऊन बसली होती, आणि जाता-येता दाजींना ती दिसत होती.

गोळे कमी झाले. गेले मात्र नाहीत. हे त्यांनी घरी सांगितले, मालकांना सांगितले नाही.

माल संपायच्या दिवशी मालक मुद्दाम टाकीपाशी येऊन उभे राहिले. दाजींनी मीठ ओतले, लड्या फिरवायला घेतल्या, आणि पोटरीत ओळखीची ओढ लागली. एरवी त्यांनी दात आवळून उभे राहायचा हट्ट केला असता. त्या दिवशी त्यांनी शांतपणे हाक मारली, "लंबू, ये. धर."

लंबूने आपल्या टाकीवरच्या लड्या आधीच उतरवून ठेवल्या होत्या. त्याने काठी घेतली. दाजी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर दाबून, पोटरी ताणत उभे राहिले. सगळ्यांदेखत. गोळा धरतोय की सुटतोय हे बराच वेळ कळत नव्हते. मग सुटला.

मालकांनी टाकीत डोकावून पाहिले. लड्या एकसारख्या होत्या.

"मिठाच्या वेळी दोघं राहा," ते म्हणाले. "एकट्याने हात घातलात तर खुर्ची तयार आहे." आणि ते निघून गेले.

दाजींनी लगेच काठी परत मागितली. त्यांची बोटे हवेत हलत होती.

"थांबा की जरा," लंबू म्हणाला, आणि लड्या फिरवत राहिला. दाजी त्याच्या खांद्याशी उभे राहून प्रत्येक फेरा डोळ्यांनी मोजत होते, आणि मध्येच म्हणत होते, "हळू. अरे, हळू."