बंद गाडीचा ब्रेक

हे गेल्यावर आज पहिल्यांदाच धाकट्या भावजींनी गाडी सुरू करून पाहिली, बंद केली आणि मला स्टिअरिंगपुढे बसवलं. मी ब्रेक दाबला. दोनदा अलगद खाली गेला, मग दगडासारखा घट्ट झाला.

“बिघडला का?”

“नाही, वहिनी. इंजिन चालू असलं की तेच पायाला जोर देतं. बंद केल्यावर आत एक-दोनदा पुरेल एवढाच जोर उरतो.”

तेराव्यापर्यंत सगळे म्हणत होते, किती खंबीर आहे ही. मलाही तसंच वाटलं होतं. तो ह्यांचाच उरलेला जोर होता. आता सकाळी साधा गॅस पेटवायलाही हात उचलत नाही.

मी दोन्ही पाय रोवून ब्रेक दाबत राहिले.

“पुरे, वहिनी,” भावजी हळूच म्हणाले. “गाडी उभीच आहे.”