खिडकीत ठेवलेलं सूप

अमेरिकेत ॲन आर्बरला शिकत होतो तेव्हा दर शनिवारी मी एका चर्चमध्ये गरिबांना सूप वाढायला जायचो. तिथे मफलर गुंडाळलेला एक हाडकुळा माणूस यायचा. त्याला एड्स आहे हे कळल्यापासून बाकीच्यांना काचेचे बाऊल आणि त्याला कागदी. तोही हातात देत नसत, खिडकीत ठेवत. सूप मात्र काठोकाठ, कारण चर्चमधली माणसं दयाळू होती. खाऊन झालं की कचऱ्याच्या डब्याचं झाकण कोपरानं ढकलून तो स्वतःच बाऊल टाकायचा. हात कशालाच लावायचा नाही.

आजारापूर्वी तो युरोपातल्या जुन्या शहरांचा इतिहास शिकवायचा. शेवटचा भेटला तेव्हा म्हणाला, "मध्ययुगात महारोग्यांना वेशीबाहेर ठेवत, पण जेवण नेऊन देत. त्यांच्या प्रार्थनेनं आपल्याला स्वर्ग मिळेल, अशी श्रीमंतांना आशा असायची. आमची प्रार्थना आता कुणालाच नको आहे."

मला राहवलं नाही. म्हटलं, "माझ्या आजोबांची कपबशीसुद्धा गावातल्या हॉटेलाबाहेर वेगळी ठेवलेली असायची."

त्याचा चमचा थांबला.

"कोणता रोग होता त्यांना?"

"रोग नव्हता," मी म्हणालो.